निरोप कोणाच्या मालकीचा?

(यवतमाळ येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांची सगळी नोकरी टपाल खात्यात झाली. संयोजकांनी विषयाची निवड माझ्यावर सोपवली, तेव्हा टपालाबद्दलच बोलायचे असे मी ठरवले. फक्त हे टपाल आजचे आहे, खिशातल्या फोनवरचे. फोन आणि संगणक बनवणाऱ्या कंपनीने आपले निरोपांचे सॉफ्टवेअर प्रतिस्पर्ध्याच्या फोनवरही चालू द्यावे की नाही, हा माझा प्रश्न आहे. अमेरिकेत न्यायालयात एका कंपनीची यासंबंधीची अंतर्गत पत्रे उघड झाली, युरोपने कायदा केला. आपल्याकडे मात्र या प्रश्नाची चर्चा जवळजवळ नाही. ती व्हायला हवी, आणि ती यवतमाळसारख्या जिल्ह्यातही व्हायला हवी, असे मला मनापासून वाटते.

आधी जुन्या टपालाविषयी थोडे. 1854 साली हिंदुस्थानात टपालाचा नवा कायदा आला आणि अंतर कितीही असले तरी हलक्या पत्राला अर्धा आणा हा एकच दर ठरला. 1874 मध्ये बर्न येथे देशादेशांचा टपाल संघ स्थापन झाला, 1876 मध्ये हिंदुस्थान त्यात सामील झाला. एका देशाचे तिकीट लावलेले पत्र दुसऱ्या देशाच्या पोस्टमनने घरपोच करायचे, हा करार जगाने दीडशे वर्षांपूर्वी केला. पण आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की तेव्हा निजामाचे राज्य लागे. निजामाचे टपाल खाते वेगळे होते, तिकिटे वेगळी होती आणि ती तिकिटे राज्याच्या हद्दीबाहेर चालत नसत. अलीकडे उमरखेड, पलीकडे हदगाव. बोली एक, सोयरिकी दोन्ही काठांवर, तरी तिकिटाचे राज्य दोन. हैदराबाद संस्थान भारतात आले आणि 1950 मध्ये हा वेगळेपणा संपला. त्यानंतर तिकीट कोणत्या काठावर घेतले, हे कोणाला विचारावे लागले नाही.

आता फोनकडे येऊ.

ॲपल कंपनीने 2011 मध्ये आयमेसेज ही सेवा आणली. आयफोनवरून आयफोनला निरोप पाठवला की तो इंटरनेटवरून जातो, फोटो स्वच्छ पोचतो, समोरचा माणूस उत्तर लिहितो आहे हे दिसते आणि मजकूर वाटेत कोणालाही वाचता येत नाही. तोच निरोप अँड्रॉइड फोनला पाठवला तर तो साधा एसएमएस होऊन जाई. फोटो धूसर, मोठा व्हिडिओ तर ओळखू येऊ नये असा, आणि मजकुराला कसले कुलूप नाही. पाठवणाऱ्याच्या पडद्यावर आयफोनवाल्यांशी झालेले बोलणे निळ्या चौकटीत आणि इतरांशी झालेले हिरव्या चौकटीत दिसते. अमेरिकेतल्या शाळकरी मुलांमध्ये या रंगावरून चिडवाचिडवी सुरू झाली. मित्रांच्या गटात एक अँड्रॉइडवाला आला की सगळ्या गटाची सोय बिघडे, म्हणून त्याला गटाबाहेर ठेवले जाई. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला मित्रांनी बाहेर ठेवणे म्हणजे काय, हे इथे बसलेल्या शिक्षकांना मी सांगायला नको.

हे तंत्रज्ञानाच्या अडचणीमुळे झाले असते तर तक्रारीला जागा नव्हती. पण 2021 मध्ये एपिक गेम्स विरुद्ध ॲपल या खटल्यात कंपनीतल्या अधिकाऱ्यांची एकमेकांना लिहिलेली पत्रे न्यायालयापुढे आली. 2013 मध्ये एडी क्यू या वरिष्ठ अधिकाऱ्याने आयमेसेज अँड्रॉइडवर न्यावे असा आग्रह धरला होता. गूगल व्हॉट्सॲप विकत घेणार अशी तेव्हा बोलवा होती आणि आपण मागे पडू, ही त्यांची चिंता होती. सॉफ्टवेअर विभागाचे प्रमुख क्रेग फेडेरिगी यांनी विरोध केला. त्यांचे म्हणणे असे, की ज्या घरात आयफोन आहेत ते घर मुलाला स्वस्त अँड्रॉइड फोन घेऊन देताना आज कचरते. आयमेसेज तिकडे नेले तर हा अडसर दूर होईल. 2016 मध्ये फिल शिलर या आणखी एका वरिष्ठ अधिकाऱ्यानेही आयमेसेज अँड्रॉइडवर नेल्याने आपला फायद्यापेक्षा तोटाच जास्त होईल, असे कळवले.

श्रोतेहो, या पत्रव्यवहारातली एक गोष्ट नीट पाहा. अँड्रॉइडवर आयमेसेज नीट चालणार नाही, असे तिथे कोणी म्हणत नाही. ते नीट चालेल, हीच भीती आहे. आई-बाप आणि मूल यांच्यातला संवाद फोन विकण्यासाठी वेठीला धरला गेला आहे, हे त्या कंपनीच्याच माणसांनी लिहून ठेवले. 2022 मध्ये एका जाहीर कार्यक्रमात एका माणसाने ॲपलचे प्रमुख टिम कुक यांना विचारले, की माझ्या आईला मी पाठवलेले व्हिडिओ नीट दिसत नाहीत, यावर उपाय काय? आईला आयफोन घेऊन द्या, असे उत्तर त्यांनी दिले. सभागृहात हशा पिकला. मला त्या उत्तरात आईचा विचार कुठे दिसला नाही.

आपल्या जिल्ह्याला याचे काय, असे कोणी म्हणेल. इथे बहुतेकांच्या हातात अँड्रॉइडच आहे. पण दारव्हा, पुसद, वणी, दिग्रस या गावांतून शिकून बाहेर गेलेली मुले-मुली आज अमेरिकेत आहेत, आणि तिथे घरातले सगळे फोन आयफोन असणे ही साधी गोष्ट आहे. नातवंडे आपसांत फेसटाइम या ॲपलच्या व्हिडिओ कॉलच्या सेवेवर बोलतात. फेसटाइम 2010 मध्ये आले तेव्हा कंपनीचे त्या वेळचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी ते सर्वांसाठी खुले मानक करू, असे व्यासपीठावरून जाहीर केले होते. ते झाले नाही. 2021 पासून एवढी सोय झाली, की आयफोनवाल्याने दुवा पाठवला तर अँड्रॉइडवाला ब्राउझरमधून त्या बोलण्यात येऊ शकतो. म्हणजे दारव्ह्याच्या आजीला नातीने बोलावले तर ती जाऊ शकते. नातीची आठवण आली म्हणून आजीला स्वतःहून फेसटाइम लावता येत नाही. अशी घरे मग व्हॉट्सॲपवर येतात, बोलणे होते आणि प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. तो मिटलेला नाही. त्याकडे मी पुढे येतोच.

कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. ती म्हणते, सॉफ्टवेअर आम्ही लिहिले, सर्व्हर आमचे, खर्च आमचा, आणि आमच्या गिऱ्हाइकांना आम्ही ते फुकट देतो. दुसऱ्याच्या गिऱ्हाइकांना का द्यावे? हा मुद्दा व्यापाराच्या नीतीत बसतो, मी तो उडवून लावणार नाही. दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा. डिसेंबर 2023 मध्ये बीपर मिनी नावाचे ॲप आले. एका शाळकरी मुलाने आयमेसेजची रचना उलगडली होती, त्या कामाच्या आधारे हे ॲप अँड्रॉइडवर निळ्या चौकटीतले निरोप पाठवू लागले. ॲपलने काही दिवसांत ती वाट बंद केली आणि गिऱ्हाइकांच्या सुरक्षिततेचे कारण दिले. परक्या माणसाने मागच्या दाराने आत यावे हे कोणत्याच घरमालकाला चालणार नाही, हे मान्य. पण मग पुढचे दार उघडा. निरोप सुरक्षित ठेवायला दोन्ही टोकांना एकाच कंपनीचे यंत्र लागते, हे खरे नाही. व्हॉट्सॲपने 2016 पासून सगळ्या निरोपांना टोकापासून टोकापर्यंत एन्क्रिप्शन दिले, सिग्नल ते आधीपासून देत होते, आणि दोन्ही ॲप आयफोनवरही चालतात, अँड्रॉइडवरही. सुरक्षिततेचे कारण इथे टिकत नाही.

एकट्या ॲपललाच दोष देणे न्यायाचे होणार नाही. गूगल टॉक ही सेवा एके काळी दुसऱ्या कंपन्यांच्या सेवांशी खुल्या मानकावर बोलत असे. 2013 मध्ये हँगआउट्स आणताना गूगलने ते दार लावून घेतले. आज खुलेपणाचा आग्रह धरणाऱ्यांनी काल काय केले, तेही लक्षात असावे.

दार फार काळ बंद ठेवले तर काय होते, याचे उदाहरण ब्लॅकबेरीचे. इथल्या काही वकील आणि डॉक्टर मंडळींकडे तो बारीक बटणांचा फोन होता, त्यांना आठवेल. ब्लॅकबेरी मेसेंजर 2005 मध्ये आला. व्हॉट्सॲपचा जन्म त्यानंतर चार वर्षांनी, 2009 मधला. म्हणजे शर्यतीत ब्लॅकबेरी चार वर्षे पुढे होती. ही सेवा सगळ्या फोनांवर न्यावी असा विचार कंपनीत झाला, त्यासाठी कंपनीचे सहप्रमुख जिम बाल्सिली यांनी प्रयत्न केले, पण तो बेत मोडला आणि 2012 मध्ये ते कंपनीतून बाहेर पडले. मेसेंजर असला तर लोक फोन घेतील, हा हिशेब होता. लोकांनी फोन सोडला आणि मेसेंजरही सोडला. शेवटी ऑक्टोबर 2013 मध्ये तो अँड्रॉइड आणि आयफोनवर आला, पहिल्याच दिवसात एक कोटी लोकांनी उतरवून घेतल्याचे कंपनीने सांगितले. पण तोवर प्रत्येकाची माणसे दुसरीकडे जमली होती. 31 मे 2019 रोजी सर्वसामान्यांसाठीची ती सेवा बंद झाली. मेसेंजर सगळ्या फोनांवर आला त्यानंतर चारच महिन्यांनी, फेब्रुवारी 2014 मध्ये, फेसबुकने व्हॉट्सॲपसाठी सुमारे 19 अब्ज डॉलर मोजायचे ठरवले होते. व्हॉट्सॲपने फोन कधीच बनवला नाही. ते नोकियाच्या साध्या फोनवर गेले, ब्लॅकबेरीवर गेले, आयफोनवर गेले, अँड्रॉइडवर गेले. त्याच्या किमतीचे मूळ तिथे आहे.

या प्रश्नाचा आपल्या मातीतला दाखला शोधायला मला फार लांब जावे लागत नाही. यवतमाळहून मूर्तिजापूरला जायची ती शकुंतला रेल्वेगाडी इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने कापसासाठी टाकलेला हा मार्ग, 1994 पर्यंत त्यावर मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन धावत होते. जिनिंगमध्ये सरकी काढून, प्रेसमध्ये दाबून बांधलेली रुईची गाठ इथे छोट्या डब्यात चढे. दारव्हा, कारंजा करत गाडी मूर्तिजापूरला पोचे आणि तिथे तिचा रस्ता संपे. शकुंतलेच्या दोन रुळांत अडीच फुटांचे अंतर, भुसावळ-नागपूर मार्गाच्या रुळांत साडेपाच फुटांचे. दोन्ही मार्ग एकाच स्टेशनात, तरी एकाचा डबा दुसऱ्यावर जाणे अशक्य. गाठ खाली उतरायची, हमालांच्या पाठीवरून फलाट ओलांडायची, मोठ्या डब्यात पुन्हा रचली जायची आणि मग मुंबईला निघायची. पाऊस असेल तर ताडपत्री शोधा, मोठी गाडी यायला उशीर असेल तर गाठी फलाटावर पडू द्या. कापूस तोच, गिऱ्हाईक तेच; मधल्या उतरवा-चढवीचा भुर्दंड मात्र कोणाच्या तरी माथी बसणारच.

तरीही शकुंतलेच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. अरुंद रूळ टाकले ते स्वस्त पडतात म्हणून. मोठ्या रुळांचा खर्च त्या मार्गाला झेपला नसता आणि कदाचित रेल्वे आलीच नसती. तिथला अडसर पैशाच्या अभावाचा होता. आयमेसेजचा अडसर पैशाच्या अभावाचा नाही. जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एकीने, विचार करून, पत्रव्यवहार करून तो ठेवला. म्हणून शकुंतलेला जी सूट मी देतो, ती ॲपलला देणार नाही.

छापखान्याच्या धंद्यातली मंडळी इथे आहेत, त्यांनी हा जाच दुसऱ्या रूपात सोसला आहे. नव्वदच्या दशकात श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव असे वेगवेगळे फाँट होते आणि प्रत्येकाची अक्षरांची मांडणी निराळी. एका ठिकाणी जुळवलेला मराठी मजकूर दुसऱ्या ठिकाणच्या संगणकावर उघडला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला दिसे. मग पूर्ण लेख पुन्हा टंकायचा, पुन्हा मुद्रिते तपासायची. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून होती, ती आपल्याकडे रुळायला पुष्कळ वर्षे गेली. आज यवतमाळहून पाठवलेला मजकूर जगात कुठेही मराठीतच उघडतो. यात फाँट बनवणाऱ्यांचा धंदा बुडाला नाही. सुंदर अक्षर ज्याचे, त्याचा फाँट आजही विकला जातो.

आता व्हॉट्सॲप. आपल्या जिल्ह्यात या प्रश्नाचे खरे रूप इथे दिसते. जिओफोन हा बटणांचा फोन 2017 मध्ये आला, पंधराशे रुपयांच्या अनामतीवर मिळत होता. सप्टेंबर 2018 मध्ये त्यावर व्हॉट्सॲप आले आणि ज्यांना मोठा फोन परवडत नव्हता ती माणसे पहिल्यांदा कुटुंबाच्या गटात आली. खालच्या पायरीवरच्या फोनलाही निरोप पोचवायचा, हे चांगलेच झाले आणि मी त्याचे श्रेय देतो. पण 2024 च्या जूनपासून त्या प्रकारच्या फोनांवर व्हॉट्सॲप नव्याने उतरवून घेणे बंद झाले. ज्या घराला मोठा फोन घेणे जमले नाही, त्या घराने काय करायचे? निर्णय परदेशात झाला. झरी-जामणीच्या पोडावर, म्हणजे आदिवासी वस्तीवर, त्याची खबर द्यायला कोणी आले नाही, तिथले मत कोणी विचारले नाही.

4 ऑक्टोबर 2021 ची रात्रही आठवा. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही एकाच वेळी बंद पडले, सुमारे सहा तास. एकाच मालकाच्या तीन सेवा होत्या, म्हणून तिन्ही गेल्या. दुसऱ्या ॲपवरून व्हॉट्सॲपवाल्याला निरोप जाण्याची सोय नव्हती, कारण व्हॉट्सॲपचे दारही बाहेरच्यांना बंदच होते. सगळ्या फोनांवर चालते म्हणून ते आपल्याला खुले वाटते. प्रत्यक्षात सगळे एकाच वाड्यात राहायला आलो आहोत, एवढेच.

म्हणून माझे उत्तर दोन टप्प्यांत आहे. फोन बनवणाऱ्या कंपनीने आपले निरोपांचे सॉफ्टवेअर प्रतिस्पर्ध्याच्या फोनवर न्यावे का? न्यावे. ॲपलने आयमेसेज अँड्रॉइडवर आणावे, फेसटाइमचे दिलेले वचन पाळावे. निरोपाची दोन टोके असतात आणि कंपनीने विकलेला फोन त्यातल्या एकाच टोकाला असतो. दुसऱ्या टोकाच्या माणसाने कंपनीशी कसलाच करार केलेला नाही, तरी त्याची गैरसोय करून कंपनी पैसा मिळवते. यावर माझा आक्षेप आहे. पण ॲप सगळीकडे गेले तरी किल्ली एकाकडेच राहते, हे व्हॉट्सॲपने दाखवले. तेव्हा दुसरा टप्पा असा, की एका ॲपवरून दुसऱ्या ॲपला निरोप गेला पाहिजे, आणि तो कंपनीच्या मर्जीवर न ठेवता नियमाने गेला पाहिजे.

नियमाशिवाय हे होत नाही, याचा अनुभव ताजा आहे. ॲपलने नोव्हेंबर 2023 मध्ये आरसीएस हे एसएमएसपेक्षा नवे मानक स्वीकारू असे जाहीर केले आणि सप्टेंबर 2024 मध्ये आयओएस 18 बरोबर ते आले. आयफोन आणि अँड्रॉइड यांच्यातले फोटो सुधारले, पण टोकापासून टोकापर्यंतचे एन्क्रिप्शन त्यात सुरुवातीला नव्हते, आणि चौकट हिरवीच राहिली. जाहीर केले त्याच सुमारास युरोपात डिजिटल मार्केट्स ॲक्ट लागू होत होता. त्या कायद्याने व्हॉट्सॲपला दुसऱ्या सेवांसाठी दार उघडायला भाग पाडले. आयमेसेज फेब्रुवारी 2024 मध्ये त्यातून सुटले. मार्च 2024 मध्ये अमेरिकन सरकारने ॲपलवर मक्तेदारीचा खटला भरला, त्यात निरोपांचा मुद्दाही आहे. कायद्याची चाहूल लागल्यावर दार किलकिले झाले, असाच मी याचा अर्थ लावतो.

आणि नियम केला की काय होते, हे दाखवायला युरोपला जायची गरज नाही. 20 जानेवारी 2011 पासून देशभर मोबाईल क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. त्याआधी नंबर जाईल या धाकाने लोक वाईट सेवेलाही चिकटून राहत. 2016 च्या एप्रिलमध्ये यूपीआय आले. आज आठवडी बाजारात भाजीच्या पाटीला एक क्यूआर कोड लावलेला असतो. गिऱ्हाईक फोनपे उघडो, गूगल पे उघडो की भीम. त्याचे खाते स्टेट बँकेत असो की जिल्हा बँकेत. पैसे भाजीवालीच्या खात्यात जातात. तुझे ॲप कोणते, असे ती विचारत नाही. राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने सगळ्यांना एकच रीत पाळायला लावली म्हणून हे झाले. पैशासारखी नाजूक गोष्ट एका कंपनीच्या ॲपमधून दुसरीच्या ॲपमध्ये सुखरूप जाऊ शकते. ‘आई, मी पोचलो’ एवढे तीन शब्द जाऊ शकत नाहीत, हे मला कोणी पटवून देऊ शकणार नाही.

कायदा दिल्लीत होईल तेव्हा होईल, त्यासाठी आपल्या खासदारांना विचारत राहावे. इथे, जिल्ह्यात, आपल्या हातचे काम वेगळे आहे. ग्रामसभेची नोटीस, रेशनच्या धान्याची तारीख, पीक विम्याची मुदत हे सारे एका कंपनीच्या ॲपवरच्या गटात टाकले की कळवले असे समजण्याची सवय वाढत चालली आहे. भारतीय कापूस महामंडळाने, म्हणजे सीसीआयने, 2025-26 च्या हंगामात हमीभावाच्या कापूस खरेदीसाठी ‘कपास किसान’ या मोबाईल ॲपवर नोंदणी ठेवली. ज्या शेतकऱ्याकडे बटणांचा फोन आहे, त्याला त्यासाठी दुसऱ्याच्या दारात जावे लागते. याउलट केंद्र सरकारची एमकिसान ही सेवा 2013 पासून शेतकऱ्यांना एसएमएस पाठवते आणि एसएमएस कोणत्याही फोनवर येतो.

इथे ग्रामपंचायत सदस्य आहेत, सोसायट्यांचे पदाधिकारी आहेत, कृषी खात्यातले आणि बँकांतले लोक आहेत. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. सार्वजनिक निरोप एकाच ॲपवर ठेवू नका. त्यासोबत एसएमएस पाठवा, पंचायतीच्या फळ्यावर कागद लावा आणि जिथे नोंदणी लागते तिथे कार्यालयात येणाऱ्याचा अर्ज हाताने घ्या. पुढच्या ग्रामसभेत हा ठराव मांडा आणि मंजूर करून घ्या.